आचाऱ्याला हिमालय कसा दिसला

सेलूच्या मोंढ्यात लोक विचारतात,
"मुंजाजी, तीन वर्षं झाली टूरसंगं जाऊ लागलास,
कसा असतो रे हिमालय?"
मी म्हणतो, थंड.
"अजून?"
अजून म्हणजे, वरण लवकर शिजत नाही तिथं.

हसतात. पण खरं तेच आहे.
परभणीहून सचखंडात बसायचं, दिल्लीला उतरायचं,
काठगोदामच्या पुढं बस वळणं घेते
अन् निम्मे प्रवासी पिशवीत तोंड घालतात.
माझ्यासोबत दोन शेगड्या, येसराचा डबा,
करडीच्या तेलाचे तीन पिंप
आणि पंचेचाळीस माणसं,
ज्यांना बर्फ बघायचाय
आणि बघता बघता पिठलं खायचंय.

पहाटे चारला सगळे गच्चीवर.
माकडटोप्या, शाली, "आलं का? आलं का?"
खाली मी चहा टाकलेला.
वरून एकदम आवाज येतो, आ ऽ ऽ,
तेव्हा मला कळतं, त्रिशूळावर ऊन पडलं,
आता दहा मिनिटांत पोहे मागतील.

माझ्या वाट्याला मोरीची खिडकी.
तिच्यातून डोंगराचं पोट दिसतं, टोक नाही.
अर्धं देवदार, राखेचं टोपलं,
आणि हंसादी, हॉटेलात भांड्याला.

यंदा मंडळी चहाचे मळे बघायला गेली
त्या दुपारी तिनं तिचं जेवण माझ्यापुढं सरकवलं.
लोखंडी कढईतली काळी आमटी, भात,
भांगाच्या बियांची चटणी
(घाबरू नका, चढत नाही).
"भट्ट," ती म्हणाली.
मी म्हणलं, आमच्याकडं भट लग्नं लावतो.
तिला कळलं नाही. मी हसलो म्हणून तीही हसली.

एक दाणा बोटांत चिरडला अन् ओळखला.
सोयाबीन!
काळं, बारकं, पण सोयाबीन.
आमच्या शिवारात दुसरं पेरतो काय आम्ही?
ट्रॉल्या भरून मोंढ्यात ओततो,
ओल मोजतात, भाव बोलतात, गिरणीत पाठवतात.
चव कशी असते,
हे विचारायचं राहून गेलं होतं.

मी कढई पुसून खाल्ली.

मग तिनं विचारलं, तुझा मुलूख कसा?
मी परात पालथी घातली अन् तिच्यावर हात फिरवला.
असा.
नजरेला अडवायला काहीच नाही दीदी,
दोन बाभळी, एक टॉवर,
त्यापुढं नुसतं आभाळ.
"मग सूर्य कुठून निघतो?"
जमिनीतून. ज्वारीतून.
तिचा राखेचा हात थांबला.
म्हणाली, जमिनीतून?
म्हणाली, तसा सूर्य बघायला किती पैसे पडतात?

जून लागला तसा घरी आलो.
रुमालात पसाभर भट्ट.
द्वारकेनं तव्यावर परतले, मी येसर घातला,
तो घालायला नको होता.
तिनं घास घेतला, "मातीचा वास मारतोय,"
आणि भाकरीचा दुसरा चतकोर मोडला.
अकरा दाणे न्हाणीमागं टोचले.
सात उगवले. एक शेळीनं खाल्ला.

आता माघ चालू आहे.
आज पहाटे, कुणाचा चहा नाही, कुणाचे पोहे नाहीत,
तरी चारलाच जाग आली.
कांबळं घेऊन माळवदावर चढलो.
बराच वेळ काही नाही, मोटारीचा आवाज, कुत्रं.
मग रानाच्या कडेला कणसांची टोकं दिसू लागली,
एकेक, मोजता येतील अशी,
आणि त्यांच्या बुडातून तांबडं वर सरकलं.

आजूबाजूला कुणी नव्हतं.
म्हणून जरा ओरडून बघितलं, आ ऽ ऽ.

खालून द्वारका म्हणाली,
"काय पडलं?"